आयोवा, डिसेंबर 1998 : डुकरं फार, हूक थोडे

अमेरिकेच्या आयोवा राज्यात विक्रीला तयार झालेलं डुक्कर साधारण 255 पौंडांचं भरायचं. आपल्या मापात 115 किलो. डिसेंबर 1998 च्या मध्यावर तिकडच्या काही बाजारांत जिवंत डुकराचा भाव शंभर पौंडांना दहा डॉलरवर आला, आणि एखाद-दुसऱ्या ठिकाणी आठवरही घसरला. आपण दहाच धरू. म्हणजे अख्ख्या जनावराचे शेतकऱ्याच्या हातात साडेपंचवीस डॉलर. तेव्हा डॉलर साडेबेचाळीस रुपयांच्या आसपास होता, म्हणजे हजार-अकराशे रुपये. किलोला सव्वानऊ-साडेनऊ.

त्याच दिवसांत देशभरच्या दुकानांत पोर्कचा सरासरी भाव पौंडाला सव्वादोन डॉलरच्या वर होता. किलोला दोनशे दहा रुपयांहून जास्त. नाताळच्या तोंडावर एखाद्या घरात पाच किलो मांस आलं असेल, तर त्या पाच किलोला गिऱ्हाइकाने जेवढे पैसे मोजले तेवढ्यात शेतकरी 115 किलोचं जिवंत डुक्कर देऊन मोकळा होत होता.

आपल्याकडे डुक्कर हा काही घरोघरचा विषय नाही. गोव्यात सोरपोतेल आणि चोरीस हे पोर्कचे पदार्थ आवडीने खातात, पण घाटावर पोर्कचा भाव विचारणारा माणूस विरळाच. तरीही ‘शेतात मातीमोल, दुकानात तोच भाव’ हे कोडं सोडवायला मला हेच प्रकरण सर्वांत उपयोगाचं वाटतं. कांदा-टोमॅटोबद्दल बोलताना आपण लगेच साठेबाजी, व्यापारी, सरकार, निर्यातबंदी या ठरलेल्या रांगेत जाऊन उभे राहतो. इथे तसलं काही नव्हतं. निर्यातबंदी नव्हती. साथ नव्हती, अफवा नव्हती. लोकांनी पोर्क खाणंही सोडलं नव्हतं. उलट 1998 मध्ये अमेरिकी माणसाने आदल्या वर्षापेक्षा जास्तच पोर्क खाल्लं. तरी शेतकऱ्याचा भाव वर्षभरात दोन तृतीयांश पडला आणि दुकानातला जेमतेम हलला.

डुक्कर वाढवायचा खर्च तेव्हा शंभर पौंडांना पस्तीस ते चाळीस डॉलर होता. म्हणजे एका जनावरामागे सत्तर डॉलरच्या आसपास तोटा. त्या महिन्यात हजार डुकरं विकणाऱ्याचे सत्तर हजार डॉलर बुडाले, म्हणजे तेव्हाचे तीस लाख रुपये. 

दहा महिन्यांपूर्वीचा निर्णय

डुकरीण 114 दिवस गाभण राहते. तिकडचे शेतकरी ‘तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस’ असा हिशेब तोंडावर ठेवतात. पिल्लू विक्रीला यायला पुढे सहा महिने. म्हणजे आज भाव पाहून डुकरीण भरवली, तर माल बाजारात यायला दहा महिने लागतात. कालवड ठेवावी तशी नवी मादी वाढवून गोठा मोठा करायचा म्हटलं, तर त्याहूनही जास्त.

1996 च्या उन्हाळ्यात मका बुशेलला पाच डॉलरवर गेला होता. बुशेल म्हणजे पंचवीस किलोंच्या आसपास. डुकराच्या खर्चात खाद्याचा वाटा सर्वांत मोठा आणि खाद्यात मक्याचा. तेव्हा अनेकांनी कळप कमी केले आणि डुकराचा भाव चढला. मग मार्च 1997 मध्ये तैवानात लाळ्या-खुरकत आला. जपान बाहेरून जे पोर्क घ्यायचा त्यात तैवानचा वाटा मोठा होता, आणि तो माल एका फटक्यात बंद झाला. त्याच वर्षी नेदरलँड्समध्ये डुकरांच्या तापाची साथ आली आणि तिथले कळपच्या कळप मारावे लागले. अमेरिकी शेतकऱ्याने याचा सरळ अर्थ काढला की जपानला आता आपणच पोर्क पुरवणार. 1997 च्या उन्हाळ्यात भाव साठ डॉलरच्या जवळ होता. मकाही स्वस्त होत चालला होता. ज्याच्याकडे जागा होती त्याने माद्या वाढवल्या आणि ज्याच्याकडे नव्हती त्याने कर्ज काढून शेड बांधली.

1998 मध्ये अमेरिकेत दहा कोटींहून अधिक डुकरं कापली गेली. आदल्या वर्षापेक्षा जवळपास दहा टक्के जास्त आणि तोवरचा उच्चांक. निर्यातीची आशा मात्र पुरती फळली नाही. आशियाई देश 1997 च्या चलनसंकटात सापडले होते आणि ऑगस्ट 1998 मध्ये रशियाचा रुबल कोसळला.

भाव चांगला म्हणून सगळ्यांनी लावायचं, सगळ्यांचं एकदम निघालं की भाव पडायचा, मग सगळ्यांनी सोडायचं आणि पुन्हा भाव चढायचा. लासलगावच्या आसपास कुणालाही विचारा, तो हे चक्र पाठ म्हणून दाखवेल. अर्थशास्त्रात याचा पहिला नीट अभ्यास डुकरांवरच झाला, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नसतं. जर्मनीत आर्थर हानाऊ याने 1928 मध्ये डुकरांच्या भावाचं चक्र मांडलं, आणि 1938 मध्ये अमेरिकेच्या मॉर्डेकाय इझिकिएलने त्याच धाग्यावर ‘कोळिष्टकाचा सिद्धान्त’ सविस्तर मांडला. आलेखावर मागणी-पुरवठ्याची रेघ फिरत जाते तेव्हा कोळ्याचं जाळं विणल्यासारखी दिसते, म्हणून ते नाव.

बहुतेकजण या प्रकरणाची गोष्ट इथेच संपवतात. माल फार झाला, भाव पडला, झालं. मला ते पटत नाही. 1994 च्या शेवटीही डुकरांचा असाच पूर आला होता. तेव्हा भाव घसरून तीस डॉलरच्या थोडा खाली आला आणि तिथे थांबला. 1998 च्या ऑक्टोबरातही तो तीसच्या खालीच होता, म्हणजे ‘माल फार झाला’ एवढ्या कारणाने जिथवर जायचा तिथवर जाऊन पोचला होता. नोव्हेंबरात तो विसावर आला आणि डिसेंबरात दहावर. या शेवटच्या वीस डॉलरांचा हिशेब डुकरांच्या संख्येतून लागत नाही. तो लागतो कत्तलखान्यात.

हूक

कत्तलखान्याची ताकद तिकडे हुकांत मोजतात. कापलेलं जनावर वर फिरणाऱ्या साखळीच्या हुकाला टांगलं जातं आणि ती साखळी तासाला ठराविक वेगानेच पुढे सरकते. सगळ्या देशातले हूक मिळून आठवड्याला वीस लाखांपेक्षा थोडी जास्त डुकरं कापता येत होती.

1996-97 मध्ये डुकरं कमी होती तेव्हा कत्तलखाने तोट्यात गेले. जुने, शहराच्या पोटातले, मजुरीला महाग पडणारे कारखाने एकामागून एक बंद झाले. साउथ डकोटात ह्युरॉनचा 1997 मध्ये गेला, डेट्रॉइटमधला थॉर्न ॲपल व्हॅलीचा 1998 च्या मध्याला. म्हणजे शेतकरी शेड वाढवत होता त्याच काळात त्याच्या मालाला जे एकमेव दार होतं ते अरुंद होत होतं. दोघांचेही निर्णय आपापल्या जागी शहाणपणाचे होते, फक्त एकाचा दुसऱ्याशी ताळमेळ नव्हता. त्यात कॅनडाच्या कत्तलखान्यांत संप झाले आणि तिकडची डुकरं सीमेपलीकडून इकडे येऊ लागली. त्या वर्षी कॅनडातून अमेरिकेत चाळीस लाखांच्या आसपास जिवंत डुकरं आली.

मग सणांचे दिवस आले. नोव्हेंबरच्या शेवटच्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगची सुट्टी. 1998 चा नाताळ शुक्रवारी पडला, म्हणून पुढची एक जानेवारीही शुक्रवारीच. ओळीने दोन आठवडे कामाचे दिवस कमी. कारखान्यांनी शनिवारी जादा पाळ्या चालवल्या, तरी मागे राहिलेली डुकरं पुढच्या आठवड्याच्या डुकरांत मिसळत गेली.

समजा बाजारात शंभर हूक आहेत आणि अठ्ठ्याण्णव डुकरं. दोन हूक रिकामे राहणार. कारखान्यातले मजूर, वीज, बॉयलर यांचा खर्च तर चालूच, म्हणून खरेदीदार डुकरामागे धावतो आणि भाव शेतकऱ्याकडे झुकतो. आता तेच शंभर हूक आणि एकशे दोन डुकरं. वरच्या दोन डुकरांना जागाच नाही. त्या दोघांचे मालक ‘काय द्याल ते द्या, पण आज घ्या’ म्हणणार. आणि बाजाराची गंमत अशी की त्या दोघांचा भावच उरलेल्या शंभरांचा भाव ठरतो. चार डुकरांचा फरक, पण बाजू पालटली. पोर्कला गिऱ्हाईक होतं, जिवंत डुकराला नव्हतं. या दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांच्या मधे एक दार आहे, हे एकदा ध्यानात घेतलं की डिसेंबर 1998 चं निम्मं कोडं सुटतं.

‘मग आठ दिवस थांबायचं’ असं म्हणणं सोपं आहे. आपला बोकडवाला थांबतो. बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा जमला नाही, तर दोर धरून बोकड घरी आणतो आणि बकरी ईदपर्यंत बांधावरच्या पाल्यावर जगवतो. आयोवातल्या शेडमधल्या डुकराला ती सोय नाही. ते रोज अडीच-तीन किलो खाद्य खातं. ठरलेल्या वजनाच्या वर गेलं की कारखाना दर कापतो, कारण साखळी, सुऱ्या, खोकी सगळं एका मापाच्या जनावरासाठी बेतलेलं असतं. आणि मागच्या शेडमधली पिल्लं मोठी होऊन त्याच जागेची वाट बघत असतात. आठ महिन्यांपूर्वी गाभण राहिलेल्या डुकरिणीला थांबवता येत नाही. शेड जितकी आधुनिक आणि तिचं वेळापत्रक जितकं काटेकोर, तितकी मालकाची थांबायची ताकद कमी. अंगणात चार डुकरं पाळणारा म्हातारा या मोठ्या शेडवाल्यापेक्षा जास्त काळ दम धरू शकला असता.

हे चित्र आपल्याला परकं नाही. महाराष्ट्रात 2021-22 च्या हंगामात ऊस इतका झाला की साखर कारखाने जूनपर्यंत चालवावे लागले. मराठवाड्यात ऊस उभाच राहिला, तुरे आले, वजन घटत गेलं. कारखान्याची गाळपाची क्षमता हाच तिथला हूक. फरक एवढाच की उसाला एफआरपी आहे, कायद्याने ठरलेला दर. म्हणून दर पडला नाही, टंचाईने दुसरी वाट काढली. तोड मिळवायला टोळीला वर पैसे, वाहनाच्या चालकाला ‘एन्ट्री’, शिवाय जेवणाखाण्याचा खर्च वेगळा. कागदावर टनाचा दर तोच, पण शेतकऱ्याच्या हातात कमी. शेवटी राज्य सरकारला लांबच्या उसाच्या वाहतुकीला आणि उतारा घटल्याबद्दल अनुदान द्यावं लागलं. आयोवात एफआरपी नव्हती, म्हणून तिथे ही ‘एन्ट्री’ थेट भावातूनच कापली गेली आणि सगळ्या जगाला दिसली.

दुकानात भाव का हलला नाही

255 पौंडांच्या डुकरातून दुकानात विकण्याजोगं मांस निघतं साधारण 135 पौंड. बाकीचं रक्त, आतडी, हाडं, पाणी आणि कापताना होणारी घट. दुकानाच्या सरासरी भावाने या मांसाचे तीनशे डॉलरहून जास्त होतात. 1997 च्या चांगल्या दिवसांत त्यातले एकशे तीस-चाळीस शेतकऱ्याला मिळत होते आणि डिसेंबर 1998 मध्ये पंचवीस. म्हणजे गिऱ्हाइकाच्या रुपयातले चाळीस पैशांहून जास्त, ते आठ पैशांवर.

आता दुकानदाराच्या बाजूनेही बघू, कारण त्याला खलनायक ठरवणं फार सोपं आहे. त्याच्या तीनशे डॉलरांत चांगल्या दिवसांतही निम्म्याहून जास्त रक्कम डुकराची नसतेच. ती कापणाऱ्याची मजुरी असते, शीतगृह असतं, ट्रक, वेष्टण, काउंटरवरचा माणूस आणि जागेचं भाडं असतं. यातलं काहीच डुकराचा भाव पडला म्हणून स्वस्त होत नाही. दुसरं, सुपरमार्केटची जाहिरात काही आठवडे आधी ठरते. तिसरं, दुकानदाराला भाव वरखाली करायला आवडत नाही. आज उतरवला आणि महिन्याने चढवला, तर गिऱ्हाईक उतरवलेला विसरतं आणि चढवलेला लक्षात ठेवतं. आपल्या कोपऱ्यावरच्या मटणवाल्याचंही तसंच असतं. बाजारात बकरी स्वस्त झाली म्हणून पाटीवरचा आकडा त्याने खाली आणलेला कधी पाहिला आहे का? महाग झाली की मात्र आठवड्यात पाटी बदलते.

हे सगळं खरं. पण इथवर येऊन ‘म्हणजे कुणाचाच दोष नाही’ असं म्हणणारे लेख मी वाचले आहेत आणि ते अर्धवट आहेत. मजुरी आणि भाडं तेवढंच राहिलं असेल, तर शेतकऱ्याच्या हातून गेलेले शंभराहून अधिक डॉलर गिऱ्हाइकाच्या पिशवीत उतरायला हवे होते. तिथे फार थोडे उतरले. उरलेले वाटेतच राहिले, काही कत्तलखान्याकडे आणि काही दुकानदाराकडे.

आणि या स्थिर भावाने शेतकऱ्याचं आणखी एक नुकसान केलं, ज्याची चर्चा कमी होते. पोर्कचा भाव खरोखर उतरला असता तर लोकांनी जास्त घेतलं असतं, साठलेला माल हलला असता आणि कत्तलखान्याला रविवारची पाळी परवडली असती. भाव ही बातमी असते. ‘डुकरं फार झालीत, खा’ ही बातमी आयोवातून निघाली आणि शिकागोच्या स्वयंपाकघरात पोचायच्या आधीच वाटेत कुणीतरी ती घडी घालून खिशात टाकली.

वाटेत कोण होतं

1998 मध्ये अमेरिकेतली निम्म्याहून जास्त डुकरं चार कंपन्या कापत होत्या. त्यातल्या आयबीपीचा त्या वर्षीचा नफा आदल्या वर्षापेक्षा चांगलाच वाढला. स्मिथफील्डचंही 1999 च्या वसंतात संपलेलं आर्थिक वर्ष आदल्यापेक्षा बरंच चांगलं गेलं. शेतकरी संघटनांनी संगनमताचा आरोप केला. पॅकर्स अँड स्टॉकयार्ड्स ॲक्ट हा कत्तलखान्यांच्या मनमानीविरुद्धचा कायदा अमेरिकेत 1921 पासून आहे, तेव्हा आरोपाला कायद्याचं घर तयारच होतं. पण माझ्या मते या प्रकरणात संगनमताची गरजच नव्हती. दार एक, बाहेर रांग मोठी आणि रांगेतल्या प्रत्येकाला घाई. अशा वेळी दारवाल्याने फक्त दार नेहमीसारखं उघडलं तरी पैसे त्याच्याकडेच येतात.

याचा फायदा कुणाला झाला ते पुढच्या दोन वर्षांत दिसलं. नॉर्थ कॅरोलिनाची मर्फी फॅमिली फार्म्स ही तेव्हा देशातली सर्वांत मोठी डुक्करपालक कंपनी. लाखो डुकरं होती, पण स्वतःचा कत्तलखाना नव्हता. या मंदीत ती खोल तोट्यात गेली. स्मिथफील्डकडे कत्तलखाने होते आणि पैसाही. तिने 1999 मध्ये कॅरोल्स फूड्स घेतली आणि 2000 च्या सुरुवातीला मर्फी. आता डुक्कर दहा डॉलरला विकलं गेलं काय आणि पन्नासला विकलं गेलं काय, पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात जाणार होता. (2013 मध्ये चीनच्या कंपनीने अख्खी स्मिथफील्डच विकत घेतली. तो वेगळाच अध्याय.)

लहान शेतकऱ्याला दुसरा खिसा नव्हता. 1980 मध्ये अमेरिकेत डुकरं पाळणारी साडेसहा लाखांहून अधिक शेतं होती, 1999 मध्ये ती एक लाखाच्या खाली आली. ही गळती एका डिसेंबरने झाली नाही, वीस वर्षं चालू होती. पण जे तोवर कसेबसे टिकून होते, त्यातल्या बऱ्याच जणांनी त्या हिवाळ्यात शेडला कुलूप लावलं आणि ते पुन्हा उघडलं नाही.

हे एकदाच घडलं असंही नाही. 9 ऑगस्ट 2019 ला कॅन्ससमधल्या हॉलकॉमच्या टायसनच्या गोमांस कारखान्याला आग लागली. रोज सहा हजारांच्या आसपास जनावरं कापणारे हूक एका रात्रीत बंद. पुढच्याच आठवड्यात जिवंत जनावरांचा भाव पडला आणि घाऊक मांसाचा चढला. एप्रिल 2020 मध्ये करोनामुळे साउथ डकोटातला सू फॉल्सचा स्मिथफील्डचा कारखाना बंद पडला, मग इतरही काही. दुकानात पोर्क महाग झालं आणि शेतकऱ्यांवर विक्रीला तयार डुकरं शेडमध्येच मारायची वेळ आली. दोन्ही वेळी कारण वेगळं होतं, पण दुखणं तेच.

सरकारने काय केलं

भाव दहा डॉलरवर आल्यावर वर्तमानपत्रांनी 1930 च्या महामंदीची आठवण काढली. आकडा म्हणून तेव्हाचा भाव त्याहून खाली होता, शंभर पौंडांना तीन-चार डॉलर. पण 1933 ते 1998 मध्ये महागाई बारापट झाली. ती हिशेबात धरली, तर महामंदीतल्या शेतकऱ्याला 1998 च्या शेतकऱ्यापेक्षा कितीतरी जास्त मिळत होतं. 1933 मध्ये रूझवेल्टच्या सरकारने पुरवठा कमी करायला साठ लाखांहून जास्त डुकरांची पिल्लं विकत घेऊन मारली होती. भुकेच्या वर्षात अन्न मारलं म्हणून त्यावर देशभर गदारोळ झाला. 1998 मध्ये तसलं काही करायची कुणाची छाती नव्हती.

झालं ते असं. सरकारने शाळांच्या जेवणासाठी आणि मदतवाटपासाठी पोर्क विकत घेतलं. रशियाला पाठवलेल्या अन्नमदतीत पोर्क घातलं. जानेवारी 1999 मध्ये उपाध्यक्ष अल गोर यांनी लहान शेतकऱ्यांसाठी पाच कोटी डॉलरची थेट मदत जाहीर केली. डुकरामागे पाच डॉलर, जास्तीत जास्त पाचशे डुकरांपर्यंत. म्हणजे एका शेतकऱ्याला फार तर अडीच हजार. पाचशे डुकरं त्या डिसेंबरात विकलेल्याचा तोटा पस्तीस हजारांचा. दुष्काळी अनुदानाचा धनादेश हातात घेतलेल्या आपल्याकडच्या माणसाला या आकड्यांचं प्रमाण वेगळं समजावून सांगायला नको.

सर्वांत हुशारीचा उपाय, माझ्या मते, ज्याच्याबद्दल कमी बोललं गेलं तो होता. डुकरांतल्या स्यूडोरेबीज या विषाणूजन्य रोगाचं उच्चाटन करायचा कार्यक्रम आधीपासूनच चालू होता. सरकारने त्याचाच वेग वाढवला आणि बाधित कळप विकत घेऊन नष्ट केले. बाजारातला माल कमी झाला, रोगही हटला आणि 1933 सारखी ओरडही झाली नाही. तरी त्याने हुकांची संख्या वाढली नाही. भाव सावरला तो डुकरं कमी झाल्यावर. 1999 च्या उन्हाळ्यात तो तिशीत आला आणि 2000 मध्ये चाळीसच्या वर गेला. कमी कशी झाली, ते वर सांगितलंच.

उचल आणि वही

त्या हिवाळ्यात सगळ्यांनाच दहा डॉलर मिळाले नाहीत, हे सांगायचं राहिलं. काहींचे कत्तलखान्याशी लांब मुदतीचे करार होते. त्यात एक प्रकार ‘वही’चा. भाव कितीही पडला तरी कारखाना ठरलेला किमान दर देणार, पण वरचा फरक शेतकऱ्याच्या नावावर वहीत मांडून ठेवणार. भाव चढला की फेडायचा. ऊसतोड मजुराच्या उचलीचीच ही आवृत्ती, मजुराच्या जागी जमीनमालक शेतकरी. डिसेंबर 1998 मध्ये या वह्यांवरचं देणं भराभर वाढलं. त्यांची डुकरं पस्तीस-अडतीसने गेली असं कागदावर दिसत होतं, प्रत्यक्षात त्यातला मोठा भाग कर्ज होता.

तरीही त्यानंतर शेतकरी करारांकडेच पळाले. पळाले म्हणण्यापेक्षा ढकलले गेले. ज्याने हिवाळ्यात दहा डॉलर पाहिले त्याला पुन्हा उघड्या बाजारात उभं राहायचं धैर्य नव्हतं, आणि बँकवालेही शेडला कर्ज देण्याआधी ‘करार दाखवा’ म्हणू लागले. करार असला की हूक राखून ठेवलेला असतो. उरलेले हूक उघड्या बाजारासाठी, म्हणजे रांग आता आणखी अरुंद दारापाशी. 1994 मध्ये अमेरिकेतली 62 टक्के डुकरं रोजच्या सौद्याने, जागेवर भाव ठरवून विकली जात होती. 1999 मध्ये ती 36 टक्क्यांवर आली.

यातली खरी मेख पुढे आहे. बऱ्याच करारांत दर लिहिलेला नसतोच. ‘अमुक दिवसाचा बाजारभाव अधिक एवढं’ असं सूत्र असतं. म्हणजे करारात बांधलेल्या डुकराचा भावही त्या उरल्यासुरल्या उघड्या सौद्यांवरच ठरतो. गावातल्या शंभर घरांचा भाव वीस घरांच्या सौद्यावर, आणि ती वीस घरं कोणती? ज्यांना करार मिळाला नाही, ज्यांच्या घासाघिशीत जोर नाही ती. शिवाय ते सौदे नेमके कितीला झाले, हे कारखान्याने कुणाला सांगायचं बंधन नव्हतं. सरकारी माणूस फोन करून विचारायचा, सांगायचं की नाही ही कारखान्याची मर्जी.

शेतकरी संघटनांनी त्या हिवाळ्यानंतर सर्वांत जोर लावला तो या मुद्द्यावर. मदत नको, आधी भाव कळू द्या. ऑक्टोबर 1999 मध्ये तसा कायदा झाला. मोठ्या कत्तलखान्यांनी किती डुकरं, कोणत्या प्रकारच्या सौद्याने आणि काय भावाने घेतली हे रोज सरकारला कळवायचं आणि सरकारने ते लगेच प्रसिद्ध करायचं. अंमलबजावणीला दीड वर्ष लागलं. 2 एप्रिल 2001 ला पहिले आकडे कळवले जाऊ लागले. त्याच वर्षी जानेवारीत झालेल्या पाहणीत रोजच्या सौद्याने विकल्या जाणाऱ्या डुकरांचं प्रमाण 17 टक्के भरलं होतं.